बिनओळखीचं पत्र

कंपनीच्या गेटवर पहिल्यांदा जाताना हातात काय असावं, यावर माझं आणि मामांचं एकमत होत नाही. मामांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कंपनीच्या पर्चेस खात्यात झाली. नवख्या धंदेवाल्यांची पत्रं ज्या टेबलावर येऊन पडतात आणि ज्या टेबलावरचा फोन ते वाजवत राहतात, त्या टेबलाच्या आतल्या बाजूला ते बसले. मी बाहेरच्या बाजूला. वडगाव मावळात आमचं लाकडी पॅलेट आणि क्रेट बनवायचं छोटं शेड आहे. तळेगाव एमआयडीसी, नवलाख उंबरे, चाकण या पट्ट्यातला जवळजवळ प्रत्येक कारखाना आपला माल पॅलेटवर नाहीतर खोक्यात घालूनच बाहेर पाठवतो, त्यामुळे गिऱ्हाइकांची वाण नाही. वाण आहे ती ओळखीची. मामा म्हणतात, ओळख नसेल तर धीर धर, एखादा माणूस मध्ये घाल, पण अनोळखी माणसाला पत्र लिहू नकोस आणि फोन तर अजिबात करू नकोस. मी दोन्ही करते, आणि करत राहणार आहे.

खालचं बोलणं आमच्यात अनेकदा झालं आहे. वाचणाऱ्यांत नवा धंदा उभा करणारे असतील आणि खुर्चीत बसून असे फोन घेणारेही असतील, म्हणून ते सलग मांडते आहे.

मामा : आधी एक सांग. पत्र वाचून कुणी ऑर्डर देतं का? सकाळी पत्र वाचलं आणि संध्याकाळी पीओ काढली, असं माझ्या हातून एकदाही झालेलं नाही.

मी : संध्याकाळी कोण मागतंय? पत्र आल्यावर तुम्ही त्याचं काय करायचात ते सांगा.

मामा : शिपाई डाक आणायचा. वर इनवर्डचा शिक्का, तारीख. रंगीत गुळगुळीत ब्रोशर असलं की रद्दीत. त्यात मालकाचा फोटो, इमारतीचा फोटो, आणि बनवतात काय ते शेवटच्या पानावर. पण अधूनमधून एखादं एका पानाचं पत्र यायचं. काय बनवतो, किती मापापर्यंत बनवतो, सध्या कुणाला देतो, शेड कुठे, फोन काय. ते मी पंच मारून बॉक्स फाइलला लावायचो. फाइलवर लिहिलं होतं, 'नवीन पार्ट्या'.

मी : आणि फाइल उघडायचात कधी?

मामा : जुना सप्लायर अडला की. कुणाचे कामगार गावाला निघून गेले, कुणाला बँकेने हात आखडता घेतला, कुणी एकदम भाव वाढवून बसला. लाइन थांबायची वेळ आली की ती फाइल काढायची.

मी : म्हणजे पत्राने काम दिलं.

मामा : अडचणीने दिलं. पत्र हाताशी होतं, एवढंच.

त्या 'एवढंच'मध्ये माझा सगळा धंदा आहे. मामांना अडचण कधी येणार हे मला बाहेरून कळणं शक्य नाही. त्या दिवशी मी त्यांच्या आसपासही नसते. माझ्या वतीने तिथे हजर राहतं ते पंच मारलेलं एक पान. फोनला हे जमत नाही. फोन ठेवला की संपला. नाव आठवत नाही, नंबर शेकडो नंबरांत बुडून जातो. मेलसुद्धा आता न उघडता खाली सरकतो. म्हणून माझ्याकडून आधी पत्र जातं, आणि ते फाइलला लावता येईल असंच जातं: ए-फोर कागद, एकच बाजू, डावीकडे पंचिंगला जागा सोडलेली. पत्त्यात 'वडगाव मावळ' असं पूर्ण, पिनकोडसकट, कारण पुण्याच्या आसपास वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, आणि चेन्नईहून बदलून आलेल्या साहेबाला त्यातलं कुठलंच ठाऊक नसतं.

मामा : बरं, कागद राहतो, मान्य. पण नवीन माणसाला काम देणं म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक नाही. तुझं पॅलेट कंटेनरमध्ये चढलं आणि मध्येच मोडलं, तर माल पडतो, जहाज चुकतं, आणि वर विचारतात, हा सप्लायर कुणी आणला? तिथे माझं नाव येतं. म्हणून मी विचारायचो, हा माणूस कुणाच्या ओळखीचा?

मी : पण तुम्ही नात्यातल्या कुणाला कधी एक रुपयाचं काम दिलं नाही. आई अजून बोलून दाखवते.

मामा : बरोबर. ओळख म्हणजे सोयरीक म्हणत नाही मी. ज्याने याचा माल वापरलाय, त्याचा शब्द. भोसरीतला माझ्यासारखाच कुणी पर्चेसवाला सांगायचा, 'घे, तीन वर्षं देतोय, एकदाही खाली पाहायला लावलं नाही.' ती ओळख. ती मागायला लाज नाही.

मी : मग मला सांगा, ज्याचा माल अजून कुणीच वापरलेला नाही, त्याने तो शब्द आणायचा कुठून? कुणीतरी पहिल्यांदा बिनशब्दाचं घेतलंच ना.

मामा यावर थोडे थांबले. मलाही ठाऊक आहे की इथेच खरी गाठ आहे. वापरलेल्या माणसाचा शब्द हा चांगला पुरावा आहे, यात वाद नाही. पण तो शब्द आधीपासून आत असलेल्यांतच फिरतो. ज्यांचे वडील भोसरीत लेथ चालवत होते, ज्यांचा भाऊ कुठे तरी क्वालिटीत आहे, त्यांना तो शब्द बसल्या जागी मिळतो. मावळात भातशेती करणाऱ्या घरातल्या मुलीला तो मिळायला कुठलाच रस्ता नाही. तिच्यापाशी फक्त तिने लिहिलेलं असतं.

मामा : रस्ता असतो. किर्लोस्करांचं उदाहरण घे. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला, तो औंधच्या संस्थानिकांनी जागा दिली म्हणून. ओळख होती म्हणूनच दिली. पत्र टाकून राजाने जमीन दिली नाही.

मी : जमीन ओळखीने मिळाली. नांगर ओळखीने खपला का? लोखंडी नांगर १९०३ चा. लोखंडाने जमिनीत विष पसरतं असं शेतकरी म्हणत होते, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्या शेतकऱ्यांना राजाची ओळख सांगून काय उपयोग होता? आणि पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते कशासाठी? ज्यांना आपण कधी भेटलो नाही, अशा गिऱ्हाइकांच्या घरी आपला कागद दरमहा पोचावा म्हणूनच ना. पुढे त्याचं मोठं मासिक झालं, पण सुरुवात कारखान्याच्या परिचयपत्राचीच होती.

मामा : ते मोठे लोक.

मी : मग घराजवळचं घ्या. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना, १९०८ चा. अंताजी दामोदर काळे कुठल्या ओळखीवर फिरले? भेटेल त्याच्याकडे एक पैसा मागितला.

मामा : त्यांच्या मागे टिळक होते. केसरी होता. नाव सांगितलं की लोक ऐकून घेत.

मी : ऐकून घेत. पण पैसा देणाऱ्याने काळ्यांना त्याआधी पाहिलेलं नव्हतं. आणि त्यांनी मागितलं किती? एक पैसा. नाही म्हणावंसं वाटू नये इतकं थोडं.

मला या कारखान्याबद्दल लहानपणापासून आपुलकी आहे. स्वदेशीच्या दिवसांत लोकांच्या पैशा-पैशातून उभा राहिलेला कारखाना, आणि इथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. काळ्यांच्या मागण्याकडे मी धंद्याच्या नजरेने पाहते तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसते: अनोळखी माणसाकडे पहिल्या भेटीत जेवढं थोडं मागाल, तेवढी त्याला तुमच्याकडे नीट बघायची उसंत मिळते. 'आम्हाला सेवेची संधी द्यावी' असं लिहिणारा माणूस खरं तर वर्षभराची ऑर्डर मागत असतो. आमच्या पत्रात ऑर्डर मागितलेलीच नसते.

मूळ पत्र इंग्रजीत जातं, कारण कुठल्या गावच्या माणसाच्या हाती पडेल सांगता येत नाही. मामांना दाखवलं तेव्हा ते मराठीत साधारण असं होतं:

'डिस्पॅच विभागप्रमुख यांस. आम्ही वडगाव मावळ येथे १२०० × १००० मिमी मापाची चारही बाजूंनी उचलता येणारी लाकडी पॅलेट बनवतो. निर्यातीच्या पॅलेटला मान्यताप्राप्त प्लांटमधून हीट ट्रीटमेंट करून, शिक्का आणि प्रमाणपत्रासह देतो. आपल्या गेटजवळ मोडकी पॅलेट रचलेली दिसली. बहुतेकांची कडेची पट्टी फोर्कलिफ्टच्या काट्याने फुटली आहे. ती आम्हाला पंधरा मिनिटं पाहू दिलीत तर लाकूड कुठे वाढवावं आणि कुठे कमी करता येईल, हे एका पानावर लिहून देऊ. त्याचे पैसे नाहीत. येत्या मंगळवारी अकरा ते बारा या वेळेत आपल्या कार्यालयाच्या फोनवर विचारीन. नको असल्यास तसं सांगावं, पुन्हा फोन येणार नाही.'

मामांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

मामा : पर्चेसला का नाही लिहिलंस?

मी : पर्चेसला पॅलेट म्हणजे एक दर. ते मोडतं डिस्पॅचवाल्याच्या डोळ्यांसमोर. रात्री ट्रक उभा आणि पॅलेट हललं तर खिळे-हातोडी घेऊन तो पळतो.

मामा : हे पटलं. पण मोडक्या पॅलेटचं वाक्य काढ.

मी : का? तेच तर मी जाऊन पाहिलं. त्यावरून कळतं की हे पत्र शंभर ठिकाणी टाकलेलं नाही.

मामा : अगं, पत्र कुणाच्या हातात जाईल? इनवर्डला फुटेल आणि प्लांट हेडच्या टेबलावरही जाईल. तो विचारेल, आपल्या गेटवर मोडकी पॅलेट का पडलीत? ज्याच्याकडून तुला काम हवंय त्याचीच तू कानउघाडणी करवलीस. तो तुला जन्मात आत घेणार नाही.

हे मला सुचलं नसतं; आतल्या बाजूला बसलेल्या माणसालाच सुचावं असं होतं. आता तिथे लिहिलेलं असतं की काट्याने कडेची पट्टी फुटते ही या पट्ट्यात सगळीकडची तक्रार आहे. पाहून आल्याची खूण दुसऱ्या गोष्टीत ठेवते: त्यांचा माल कुठल्या मापाच्या खोक्यात जातो, हे गेटमधून निघणाऱ्या ट्रककडे पाहून कळतं, ते माप पत्रात येतं.

हीट ट्रीटमेंटचं वाक्य मात्र मामांनी आहे तसं वरच ठेवायला सांगितलं, आणि त्यावर ते खूप वेळ बोलले. लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला, आयएसपीएम १५. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं पोचली पाहिजे. मग पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाचा संकेत 'आयएन', प्लांटचा क्रमांक आणि 'एचटी' अशी अक्षरं उमटतात. तो शिक्का नसला तर परदेशी बंदरात माल अडतो, कधी परत येतो. परत आलेल्या एका कंटेनरच्या खर्चापुढे पॅलेटच्या दरातला फरक कुणी बघतही नाही. मामांचं म्हणणं असं की ज्या गोष्टीने खुर्चीतल्या माणसाची झोप उडते ती दुसऱ्याच ओळीत यायला हवी, आणि आम्ही किती वर्षांपासून आहोत वगैरे तळाला. मी तसं केलं.

मी : आता फोनचं बोला. त्याला तर तुमचा कडाडून विरोध.

मामा : आहेच. पत्र माझ्या सवडीने वाचतो. फोन तुझ्या सवडीने वाजतो. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, कार्ड घ्या, दिवसभर चालूच. लोक कंटाळले म्हणून तर १९०९ या नंबरावर डीएनडी नोंदवायची सोय झाली. ट्रायचा २०१८ चा नियम आहे, जाहिरातीचे फोन नोंदणी केलेल्यांनीच, १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून करायचे. साध्या मोबाइलवरून केले आणि तक्रार झाली तर तुझंच आउटगोइंग बंद होईल. तुला हे ठाऊक आहे?

मी : ठाऊक आहे, आणि नियम योग्य आहे. म्हणून कुणाच्याही खासगी मोबाइलवर मी फोन करत नाही. मोबाइल नंबरांच्या याद्या विकत मिळतात, त्या घेत नाही. कंपनीचा बोर्डावरचा, वेबसाइटवरचा नंबर लावते, ऑपरेटरला सांगते की अमुक तारखेच्या पत्राबद्दल बोलायचंय. जिथे पत्र गेलेलं नाही तिथे फोन जात नाही.

मामा : तरी फोन तो फोनच.

मी : पण फोन केला नाही तर पत्र पोचलं की नाही हेच कळत नाही. आणि पत्रात दिवस-वेळ लिहून त्याच वेळेला फोन करणं, ही मी दिलेल्या शब्दाची पहिली परीक्षा असते. मंगळवारी अकरा म्हटलं आणि मंगळवारी सव्वाअकराला फोन आला, तर त्याला एवढं तरी कळतं की ही बाई सांगितलेल्या दिवशी हजर होते. पॅलेटवाल्याकडून त्याला दुसरं काय हवंय?

मामांना हे आवडलं, पण ते कबूल केलं नाही. त्यांनी वेळांचा विषय काढला, आणि तिथे त्यांच्याकडे शिकण्यासारखं खूप होतं. सकाळी साडेनऊ-दहाला प्रॉडक्शन मीटिंग असते, तेव्हा फोन म्हणजे शिवी. साडेबारा ते दोन जेवण. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचवाल्यासाठी लढाईचा. महिन्याचं बिलिंग पुरं करायला रात्री-रात्री गाड्या भरल्या जातात, तेव्हा सख्ख्या भावाचाही फोन तो घेत नाही. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, काही ठिकाणी रविवारी; ती आधी गेटवर विचारून ठेवायची. महिन्याच्या पाच तारखेनंतर, मंगळवार-बुधवार, अकराच्या पुढे. आणि फोन उचलल्यावर पहिलं वाक्य नाव-गाव, दुसरं 'आत्ता दोन मिनिटं आहेत की नंतर करू?'. तिसरं वाक्य बोलायची परवानगी तिथे मिळते किंवा मिळत नाही.

'नको' आलं तर काय, हे मी पत्रातच लिहून टाकते. मामांना वाटतं, त्याने मी स्वतःच दार लावून घेते. माझा अनुभव वेगळा आहे. 'पुन्हा फोन येणार नाही' असं वाचल्यावर माणूस सैल होतो आणि खरं सांगतो: सध्याच्या सप्लायरचा करार मार्चपर्यंत आहे, किंवा आम्ही प्लास्टिकच्या पॅलेटवर गेलो, किंवा पॅलेट आमची नाहीतच, ट्रान्सपोर्टवाला आणतो. हे तीनही नकार मला पैसे देऊन मिळाले नसते. मार्चवाल्याला मी जानेवारीत पुन्हा पत्र पाठवते. फोन येणार नाही म्हटलं होतं, तो नाही करत.

एका मुद्द्यावर आमचं बोलणं जड झालं. पत्राच्या वरच्या ओळीत मला 'आम्ही स्थानिक उद्योजक' असं हवं होतं.

मामा : ते लिहू नकोस.

मी : का नाही? धरणांना, एक्सप्रेस-वेला, एमआयडीसीला मावळाने जमिनी दिल्या. त्या कारखान्यांत इथल्या माणसाने काम मागायला काय हरकत आहे?

मामा : मागायला हरकत नाही. पण आत बसलेला काय ऐकतो ते सांगतो. भंगार आम्हाला द्या, लेबर आमचं घ्या, गाड्या आमच्या लावा, नाहीतर गेट बंद. असं म्हणणारे या पट्ट्यात प्रत्येक कंपनीने पाहिलेत, आणि तेही सुरुवात तशीच करतात, 'आम्ही इथलेच'. तुझ्या पत्रातली पहिली ओळ त्याला विनंती वाटणार नाही. तो ते पान थेट वर पाठवेल, किंवा घाबरून ड्रॉवरमध्ये टाकेल.

मी : म्हणजे दमदाटी दुसऱ्यांनी करायची आणि गाव मी लपवायचं?

मामा : लपवू नकोस. गावाचा त्याला फायदा काय ते सांग. दहा-बारा किलोमीटरवर शेड आहे, दुपारी फोन केलास तर संध्याकाळी पॅलेट गेटवर. तेही इथलंच असणं आहे.

मी तसं लिहिते आणि त्याचा उपयोगही होतो. पण यातलं दुःख मी बाजूला ठेवू शकत नाही. ज्यांच्या जमिनीवर हे कारखाने उभे आहेत त्यांच्या मुलांनी काम मागताना आपलं इथलं असणं किलोमीटरमध्ये मोजून सांगावं लागावं, ही परिस्थिती ज्या कुणी आणली, त्यांनी इथल्या प्रामाणिक धंदेवाल्यांचं मोठं नुकसान केलं आहे. गेटवर उभं राहून घेतलेलं काम एका माणसाला मिळतं. त्यानंतर त्या गेटमधला साहेब इथल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघतो. साधं, सभ्य, एका पानाचं पत्र त्या संशयाला थोडं तरी उत्तर देतं, असं मला मनापासून वाटतं. मागणारा आपला कागद पुढे करतो, वाट पाहतो, आणि नकार आला तर परत जातो, हे तिथे पुन्हा पुन्हा दिसायला हवं.

ओळखीचा आणखी एक धोका मामांपुढे मांडला, आणि त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. एका चिनी कंपनीला तो विकण्याचा बेत बारगळला, मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. एवढ्या काळात तिथल्या पर्चेसची, स्टोअरची, डिस्पॅचची माणसं कुठल्या कुठे पांगली असणार. ज्या छोट्या धंद्याची सगळी मदार अशा एका गेटमधल्या दोन-चार ओळखींवर असते, त्याने अशा वेळी काय करायचं? नवीन मालक आपली साखळी घेऊन येतो. ओळख माणसाशी असते आणि माणूस बदली होतो, निवृत्त होतो, नोकरी सोडतो. अनोळखी माणसाला नीट लिहिण्याची सवय ज्याला आहे, तो अशा वेळी दुसऱ्या दिवशी कामाला लागू शकतो.

मामा : मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या सप्लायरांचं काय झालं, विचारतेस?

मी : विचारते.

मामा : दोघं टिकले. माझ्या जागी आलेल्या मुलाला ते पहिल्याच आठवड्यात स्वतःहून जाऊन भेटले होते, ओळख सांगायला नाही, आपण काय देतो ते सांगायला. बाकीचे मला फोन करत राहिले, 'साहेब, जरा सांगा ना'. मी काय सांगणार?

उद्यम नोंदणीचा क्रमांक पत्रावर घालावा का, यावरही आमचं झालं. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३ मध्ये आयकर कायद्यात भर पडली की मुदतीत दिले नाहीत तर ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. मामांच्या ओळखीतले काही पर्चेसवाले तेव्हापासून लघु उद्योग म्हटलं की मागे सरतात. ९० दिवसांची सवय त्यांना सोडायची नसते. मामांचा सल्ला, क्रमांक पत्रात नको, बिलावर येऊ दे. मी घालते. ४५ दिवसांत पैसे देण्याची ज्याची तयारी नाही, त्याची ऑर्डर माझ्यासारखीला बुडवते; लाकूडवाला मला ९० दिवस थांबत नाही. असं गिऱ्हाईक पत्र वाचूनच गळालं तर माझी एक फेरी वाचली. शिवाय केंद्र सरकारच्या कंपन्यांना आणि खात्यांना खरेदीतला २५ टक्के हिस्सा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यायचा असतो. तिथे तो क्रमांक नसेल तर पत्राला अर्थच नाही.

शेवटी मामांनी स्वतःच चाकणच्या एका कंपनीचा विषय काढला. तिथे त्यांचा जुना सहकारी आता स्टोअर बघतो.

मामा : डिस्पॅचला कोण आहे त्याचं नाव तुला विचारून देतो. पण माझी भाची म्हणून मी सांगणार नाही, आणि तू पत्रात माझं नाव घालायचं नाहीस.

मी : नावच हवंय. 'संबंधित अधिकारी यांस' असं लिहिलेलं पत्र कुणाचंच नसतं.

मामा : आणि काम मिळालं तर पहिली ऑर्डर पंचवीसची घे.

मी : त्यांनी दोनशे सांगितली तर?

मामा : तरी पंचवीस. ती नीट जाऊ देत. मग त्यांचा डिस्पॅचवाला शेजारच्या कंपनीत तुझं नाव सांगेल. ती तुझी ओळख, तू मिळवलेली. त्यानंतर ही पत्रं बंद कर.

मी : पंचवीसचं ऐकते. पण शेजारच्या कंपनीचं पत्र मी याच आठवड्यात टाकणार आहे, मामा. तो सांगेल तेव्हा सांगेल.